अडीच बोटं आणि अर्धं पुण्य

काशी, संकठा घाट
१८ फेब्रुवारी २०२६

ती. गीताताईस,
नरहरचा वाकून नमस्कार.

शिवरात्रीची गर्दी ओसरली. गेले काही दिवस आमच्या गल्लीत माणसाला वळायला जागा नव्हती. आता पुन्हा गाई आणि आम्ही एवढेच उरलो आहोत. फोन करायला गेलो तर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू "ठेव, ठेव" म्हणतेस, तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की आम्ही गाडी घेतो आहोत. चारचाकी. हसून झालं की पुढं वाच.

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं, हे तू पाहिलेलं आहे. गाडी मैदागिनच्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या आवारात राहील. तिच्यापर्यंत स्कूटरनं जायचं, मग गाडीत बसायचं. देवयानी म्हणते, देवाला भेटायला आधी नंदीला भेटतात तसंच हे.

कारण आई. येत्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ लागतो. एकोणीस वर्षांपूर्वी असाच अधिक ज्येष्ठ होता, तेव्हा अण्णा आणि आई पंचक्रोशीला निघाले होते, काशीभोवतीची पाच मुक्कामांची परिक्रमा, पायी. तिसऱ्या मुक्कामाला, रामेश्वरला, अण्णांची टाच फुटली आणि मी दोघांना रिक्षात घालून परत आणलं. "उरलेलं पुढच्या अधिकात," अण्णा म्हणाले. पुढचा अधिक यायच्या आत ते गेले. आता आईला ती परिक्रमा पुरी करायची आहे. मी म्हटलं, गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पुढच्या अधिकात जाऊ. ती म्हणाली, "तीन वर्षांनी मी असेन. गुडघे नसतील."

मग टॅक्सी करू म्हटलं. तर तिनं आपल्या देवळातल्या पुराणिकबुवांचं ऐकवलं. पायी जाणाऱ्याला पूर्ण पुण्य. वाहनानं जाणाऱ्याला अर्धं, उरलेलं अर्धं वाहनाच्या मालकाला. टॅक्सीवाल्याला भाडंही द्यायचं आणि पुण्यही द्यायचं, हे तिला मान्य नाही. माझ्या ऑफिसातला उल्हास आपली गाडी फुकट देतो म्हणाला. आई म्हणाली, "उल्हासला आधीच काय कमी आहे?"

म्हणजे गाडी घरची हवी, की पुण्य घरातच राहील. ताई, मी रेल्वेच्या सिग्नलवर आयुष्य काढलेला माणूस. तांबडा म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा. पुराणिकबुवांचं खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि खरं असेल तर आईचं अर्धं का घालवा?

काल देवयानीबरोबर शोरूमला जाऊन आलो. आत गार हवा, पेढे, आणि दार लावलं की नव्या गाडीचा तो वास. देवयानी चाकामागं बसली आणि उठेचना. लग्नाआधी बिलासपूरला ती वडिलांची जीप चालवायची, हे मला इतक्या वर्षांनी त्या विक्रेत्याकडून कळलं. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

नवी घ्यावी की जुनी? तुझ्याइतकी व्यवहाराची नजर घरात कुणाला नाही. कळव.

तुझा,
नरहर


निमसोड, ता. खटाव
१ मार्च २०२६

चि. नरहर,
आशीर्वाद. देवयानीला सांग, जीप चालवणारी भावजय आहे हे आधी कळलं असतं तर तिला ट्रॅक्टरवर बसवली असती.

हसायला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर. गल्लीत गाय अडकते आणि हा गाडी घेतोय.

नवी घे. माझं एवढंच म्हणणं आहे. अण्णांबरोबर मी पुसेगावच्या बैलबाजारात लहानपणापासून हिंडले. कुणी धडधाकट बैल उगाच विकत नाही. विकणारा म्हणतो, "घरातलं माणूस विकल्यासारखं वाटतंय हो," आणि घरी नेला की बैल गुडघ्यावर बसतो. आपल्याकडं गुडघ्यांचं एक दुखणं आहे, दुसरं कशाला?

आणि घासाघीस कर. तू करत नाहीस. लहानपणी तुला कोथिंबीर आणायला पाठवलं तर भाजीवाल्याला "राहू द्या, एवढी कशाला" म्हणून परत देऊन यायचास. पहिला आकडा त्यानं बोलायचा, मग तू उठायचं. उठून दारापर्यंत जायचं. बोलावलं तरी लगेच वळायचं नाही.

मला यायचं होतं रे परिक्रमेला, पण म्हैस नेमकी त्याच महिन्यात व्यायची आहे आणि तुझे दाजी तिच्यापेक्षा जास्त घाबरतात. तेव्हा एका चाकाचे पैसे मी देते. दुधाचे साठवलेले आहेत. मागचं डावं चाक माझं. अण्णा बैलगाडीत मागं डावीकडं बसायचे. चार चाकांत अर्धं पुण्य वाटलं तर माझ्या वाट्याला जे येईल ते येईल. हे आईला वाचून दाखवू नकोस, ती म्हणेल गीता देवाशी हिशेब करते.

गीताताई


काशी
२१ मार्च २०२६

ती. ताई,
नमस्कार आणि पाडव्याच्या शुभेच्छा. तुझं पत्र देवयानीनं आईला वाचून दाखवलं. 'वाचून दाखवू नकोस' हेही वाचलं, कारण तिच्या ते ध्यानात येईपर्यंत वाचून झालं होतं. आई म्हणाली, "गीता माझ्यावरच गेली आहे."

पाडव्याला नवी गाडी आणायचं ठरलं होतं. रंगही ठरला होता, पावसाळ्याच्या आधीच्या आभाळासारखा निळसर करडा. कर्ज काढायचं होतं, कागद तयार होते. आई म्हणाली, मी एकदा बसून बघते, गुडघा आत वळतो का. म्हणून तिलाही शोरूमला नेलं.

गुडघा वळला. ती मागच्या सीटवर टेकून बसली, देवीच्या पालखीत बसल्यासारखी, आणि विक्रेत्याला तिनं आपल्या हिंदीत विचारलं, "बेटा, कर्ज फिटेपर्यंत गाडीका मालक कौन?"

तो बिचारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "माताजी, चलाएँगे आप लोग, पर कागज पर बँक का नाम चढ़ा रहेगा."

आईनं पाय बाहेर काढला.

ताई, मी समजावलं. देवयानी स्वतः बँकेत आहे, तिनं समजावलं की मालक आपणच, बँकेकडं गाडी फक्त गहाण. आई म्हणाली, "गहाण वस्तूचं पुण्य कुणाकडं जातं ते तुझ्या मॅनेजरला लिहून द्यायला सांग." देवयानी म्हणाली, "सासूबाई, ह्या विषयावर आमच्याकडं परिपत्रक नाही." विक्रेत्यानं पेढ्याचं ताट पुढं केलं. आईनं पेढा घेतला, त्याला आशीर्वाद दिला आणि माझा हात धरून चालू लागली. तू सांगितलेलं उठून दारापर्यंत जाणं आईनं केलं. फक्त ती वळली नाही.

रोख देऊन नवी घ्यावी एवढी आपली ऐपत नाही. तेव्हा जुनी. देवयानी दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण चालवणार मी."

जुन्या गाड्यांच्या एका बाजारात जाऊन आलो. एक गाडी फार आवडली. चकचकीत, आणि आकड्यावर फारच थोडी चाललेली. मला तुझे बैल आठवले. अण्णा दात बघायचे, गाडीला दात नाहीत, म्हणून मी खाली वाकून ब्रेकचा पेडल बघितला. त्याचं रबर आपल्या देवळाच्या उंबऱ्यासारखं झिजलेलं. मी नमस्कार करून निघालो. दुकानदार मागून म्हणाला, "भाईसाहब, गाडी देखने आए थे कि चप्पल?"

आणि मग परवा देवळात ढुंढिराज शास्त्री भेटले. राजा घाटाजवळ राहतात. सात पिढ्या काशीत, पौरोहित्य करतात. आईला त्यांनी ओळखलं. एकोणीस वर्षांपूर्वी पंचक्रोशीचा संकल्प आई-अण्णांना त्यांनीच सांगितला होता. त्यांची एक छोटी पांढरी गाडी विकायची आहे. मुलगा विश्वजीत पुण्याला गेला, जाताना आई-वडिलांना गाडी ठेवून गेला. दोघांनाही चालवता येत नाही. सोनारपुऱ्यात एका शाळेच्या आवारात ती उभी असते.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तिचा उपयोग काय केलात?"

म्हणाले, "जप करतो ना. संध्याकाळी जातो, आत बसतो, काच वर. बाहेर एवढा भोंपू, एवढा गोंधळ, आत एकदम शांत. काशीत अशी जागा कुठे मिळते, सांगा बरं?"

एक मेकॅनिक आठवड्याला येऊन ती सुरू करून जातो, तेव्हाही हे आत जप करतात. ताई, आजवर एवढं नामस्मरण झालेली दुसरी गाडी कुठं मिळेल?

नरहर


निमसोड
२ एप्रिल २०२६

चि. नरहर,
मुक्काम पोस्ट भोळेपणा, असं तुझ्या पत्त्यावर लिहायला हवं. गाडी नामस्मरणानं चालत नाही. इंजिन कुणाला तरी दाखव. टायर बघ, उभ्या गाडीचे टायर आतून सुकतात. आणि भाव काय ते लिहिलंच नाहीस. सहा पानं लिहिलीस आणि आकडा नाही. किती म्हणतात?

आई म्हणजे कमाल आहे. मी तुझं पत्र डेअरीत वाचून दाखवलं. चेअरमन म्हणाले, आमच्याही सगळ्या म्हशी बँकेच्या नावावर आहेत, मग दूध देवाला वाहिलं तर पुण्य कुणाचं? तिथं आता दोन पक्ष झाले आहेत.

गीताताई


काशी
८ एप्रिल २०२६

ताई,
आकडा लिहिला नाही कारण आकडा नाही.

मी त्यांच्याकडं तीन वेळा जाऊन आलो. इंजिन आमच्या वर्कशॉपच्या माणसाला दाखवलं, तो म्हणाला, डोळे मिटून घ्या. टायर बरे आहेत म्हणाला, मागचं डावं सोडून. ते तुझं. बघू म्हणालो.

पण भाव विचारला की शास्त्रीबुवा म्हणतात, "बसा, बसा, आधी चहा. गाडी कुठे पळून नाही चालली." त्यांच्या पत्नी बकुळताई चहा आणतात. मग आम्ही गंगेच्या पाण्याबद्दल बोलतो. शेवटी परवा मी हात जोडून विचारलं. ते म्हणाले, "नरहरराव, आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी आकडा तोंडातून काढला नाही. यजमान समजून देतात, आम्ही न बघता घेतो."

"पण ही दक्षिणा नाही, शास्त्रीबुवा. गाडी आहे."

"जीभ तर तीच आहे ना."

मी आकडा बोलावा, तर तो त्यांना कमी वाटला तरी ते हो म्हणतील, आणि जन्मभर मला वाटत राहील की मी एका वेदमूर्तींना फसवलं. जास्त बोलावा तर ते घेणार नाहीत. म्हणजे पहिला आकडा त्यानं बोलायचा हा तुझा नियम इथं लागू होत नाही. आम्ही दोघं चहा पितो आणि गाडी आवारात उभी राहते. अधिक महिना जवळ येतोय. आई रोज विचारते, "ठरलं?" मी म्हणतो, "बोलणी चालू आहेत." हे खोटं आहे. बोलणीच तेवढी चालू नाहीत.

एखादी युक्ती सांग. लवकर. ह्या वेळी स्पीड पोस्टानं लिही.

नरहर


निमसोड
१३ एप्रिल २०२६

नरहर,
तोंडानं बोलायचं नाही ना? मग अण्णा कसे बोलायचे ते विसरलास?

रुमालाखाली. बैलबाजारात कुणी मोठ्यानं आकडा म्हणतं का? दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक लाख धर. बोटाचं मधलं पेर दाबलं की अर्धा. पटलं तर मुठीत मूठ. नाही पटलं तर बोट सोडवून घ्यायचं. बाहेर बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि जिभेला विटाळ नाही.

तू फक्त एक कर. त्यांनी तीन धरली की तू दोन धर. हात सैल सोडू नकोस. अण्णांचा हात आठव.

ताई


काशी
२० एप्रिल २०२६, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

ती. ताई,
गाडी ठरली. आता मी जे लिहितो ते एका दमात वाच, मी एका दमात लिहितो आहे.

काल अक्षय्य तृतीया. मी, आई आणि देवयानी सोनारपुऱ्याला गेलो. शास्त्रीबुवा जपालाच बसले होते. आईला गुडघा वळतो का बघायचं होतं, म्हणून ती मागं बसली, देवयानी चाकामागं बसली, मी मागं आईशेजारी, शास्त्रीबुवा पुढं देवयानीजवळ. काचा वर. उन्हानं आत नुसती भट्टी. मी तुझी युक्ती सांगितली. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "बोटांबद्दल आमच्या घरात काही नियम नाही." आणि खांद्यावरचं उपरणं काढून, मागं वळून, दोन सीटांच्या मधे आमच्या हातांवर पसरलं.

मी आधीच चौकशी केली होती. तशी गाडी बाजारात तीनपेक्षा खाली मिळत नाही. म्हणून मी तीन बोटं धरली.

त्यांनी माझं एक बोट मिटवून परत मुठीत घातलं. दोन उरली.

मला वाटलं, समजलं नसेल. मी पुन्हा तीन धरली आणि वर एक पेर दाबलं. साडेतीन. ते चमकले, हात मागं घेऊ लागले. मी सोडीना. त्यांनी दुसरा हात आणला आणि माझी बोटं एकेक करून मिटवायला सुरुवात केली. ताई, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण रुद्राक्ष ओढून ओढून बोटांत काय ताकद आहे. मी तीन उघडी, ते एक मिटवीत. उपरणं असं हलत होतं की जणू आत मांजर कोंडलंय. देवयानी आरशातून बघत होती, ती हसता हसता हॉर्नवर पडली. शाळेचा चौकीदार धावत आला. त्याच वेळी बकुळताई पन्हं घेऊन आल्या, त्यांनी काचेतून आत बघितलं आणि म्हणाल्या, "काय चाललंय हे? वयं काय तुमची?"

तू सांगितलं होतंस हात सैल सोडू नकोस. मी सोडला नाही. फक्त दिशा उलटी होती.

मग आईनं उपरणं बाजूला केलं. इतक्या वर्षांत पुसेगावच्या बाजारात कुणी असं केलं नसेल. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, कमी का घेता?"

त्यांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. म्हणाले, "मुलानं दिलेली वस्तू आहे, माई. दिलेल्या वस्तूवर कमवायचं बरं नाही वाटत. आणि तुम्ही पंचक्रोशीला चालला आहात."

"तुम्ही कितीदा गेलात पंचक्रोशीला?"

"मी?" ते हसले. "अहो, मी तर संकल्प सांगतो. अधिक महिन्यात इतके यजमान, जायला सवड कुठे? एकदाही नाही झालं."

ताई, सबंध आयुष्य लोकांना त्या वाटेला लावणारा माणूस स्वतः एकदाही त्या वाटेनं गेला नाही, हे ऐकून मला माझा सिग्नल आठवला. मीही गाड्या सोडतो आणि जागेवरच असतो.

आई म्हणाली, "मग ऐका. नरहर तीन म्हणतो, तुम्ही दोन म्हणता. अडीच बोटं पैशानं घ्या. राहिलेलं पुण्यानं घ्या. परिक्रमा होईपर्यंत गाडी तुमच्याच नावावर राहू दे. मालक तुम्ही. अर्धं तुमचं. मग कागद बदलू."

शास्त्रीबुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग मूठ पुढं केली, मी तिच्यात माझी मूठ दिली. देवयानीनं विम्याचे कागद पाहून घेतले आणि लेखी काय करायचं तेही पाहिलं, तेव्हा काळजी करू नकोस.

त्यांची एक विनंती आहे. गाडी मैदागिनला गेल्यावरही संध्याकाळी कधी जपाला येऊन बसलं तर चालेल का? मी किल्लीच देऊन टाकली. देवयानी म्हणते, गाडी आपण घेतली की त्यांनी आपल्याला?

नरहर


निमसोड
१ मे २०२६

नरहर,
मी पत्र वाचलं आणि पाणी प्यायले. मग पुन्हा वाचलं.

जगातला तू पहिला माणूस, जो घासाघीस करून भाव वर नेतो. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "मेहुण्याला इकडं पाठव, आपल्याला एक रेडा विकायचा आहे."

पण माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. ज्या अर्ध्या पुण्यासाठी टॅक्सी नको, उल्हासची गाडी नको, बँक नको, नवी गाडी नको, ते अर्धं पुण्य आईनं उचलून दुसऱ्याला देऊन टाकलं. मग टॅक्सीच काय वाईट होती? आणि ते अर्धं एकट्या आईचं नव्हतं. एकोणीस वर्षं अण्णांची परिक्रमा राहिली आहे. त्यांच्या वाट्याचं काय? मी चाकाचे पैसे पाठवलेत ते अण्णांच्या नावानं पाठवलेत, शास्त्रीबुवांच्या नाही. हे पत्र मुद्दाम आईला वाचून दाखव.

मागचं डावं टायर बदललंस का?

गीताताई


काशी
२६ मे २०२६

ती. ताई,
तुझं पत्र आईला वाचून दाखवलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "देणं-घेणं आपल्या हातात असतं तेव्हा द्यावं. हिसकावलं गेलं तर वाईट वाटतं. टॅक्सीवाल्यानं घेतलं असतं, ह्यांना मी दिलं." अण्णांबद्दल ती काही बोलली नाही. तुला तेव्हा उत्तर लिहिलं नाही, कारण ते माझ्याकडं नव्हतं. आता आहे.

परवा रविवारी परिक्रमा झाली.

मणिकर्णिकेवर संकल्प झाला. शास्त्रीबुवांनी तो आईला सांगितला, मला सांगितला, आणि मग त्यांना सुचेना. स्वतःसाठी कधी म्हटलाच नव्हता. शेवटी बकुळताईंनी सुरुवात करून दिली; घरात ऐकून त्यांना पाठ होता. आईला स्कूटरवर मैदागिनला आणलं आणि आम्ही पाच जण त्या छोट्या गाडीत बसलो. देवयानी चालवत होती, पदर खोचून. शहराबाहेर पडल्यावर तिनं काच खाली केली आणि बिलासपूरची ती जीपवाली मला पहिल्यांदा दिसली. शास्त्रीबुवा पुढं बसून प्रत्येक देवळाचं नाव तोंडपाठ सांगत होते आणि देऊळ समोर आलं की लहान मुलासारखे म्हणत होते, "अरे, हे इथे आहे होय!" आयुष्यभर नुसती नावं घेतलेली, बघितली आज.

रामेश्वरला आई उतरली नाही. गाडीतूनच हात जोडले. अण्णांना मी इथूनच रिक्षात घातलं होतं. देवयानीनं विचारलं, "थांबू?" आई म्हणाली, "इथं थांबून झालंय. पुढं चल."

शिवपूर झालं. शेवटच्या मुक्कामाच्या, कपिलधारेच्या अलीकडं, झाडीतल्या रस्त्यावर, फट् असा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली. उतरून बघितलं.

ताई, चार चाकांपैकी नेमकं तुझं. मागचं डावं.

टायर बदलायला मी विसरलो होतो. तुझे पैसे तसेच पाकिटात आहेत. स्टेपनी काढली तर तीही सुकलेली. जप झाला होता, हवा भरायची राहिली होती. शास्त्रीबुवा वरमले. मी पंक्चरवाल्याला शोधायला निघालो. वळून बघतो तर आई दार उघडून खाली उभी. तिनं बकुळताईंच्या खांद्यावर हात ठेवला, काठी टेकली, आणि चालू लागली.

मी धावत गेलो. "आई, गुडघे. कपिलधारा पुढं आहे अजून, बस जरा."

"किती पुढं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "तो कळस दिसतोय ना, तोच."

"मग दिसतंय," आई म्हणाली.

ती चालली. दहा पावलं, मग उभं राहणं, मग दहा पावलं. बाजूनं ट्रॅक्टरवरून जाणारी यात्रेकरू मंडळी "हर हर महादेव" करून हात दाखवत होती. शास्त्रीबुवांनी चपला काढून हातात घेतल्या आणि तेही मागोमाग निघाले, तापलेल्या रस्त्यावर उड्या मारत. देवयानी गाडीजवळ थांबली होती, तीही गाडीला कुलूप लावून आली. मी पंक्चरवाला विसरलो. त्या वेळी माझ्या मनात कसलाही विचार नव्हता, नुसतं हसू येत होतं, आणि सगळ्यांनाच येत होतं. आईलाही. ती दर थांब्याला हसायची आणि गुडघा धरायची.

देवळाच्या पायरीवर बसून तिनं पाणी मागितलं. प्यायल्यावर म्हणाली, "गीताला लिही. एवढं चालले त्यात गाडीच्या मालकाचं काही नाही, बँकेचं नाही. हे तिच्या अण्णांच्या वाट्याचं. तिचं चाक फुटलं म्हणून चालता आलं."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि टायर बदलला नाहीस ते बरं केलंस. पण आता बदल."

मग मी पंक्चरवाला शोधून आणला. पंक्चरचे पैसे शास्त्रीबुवांनी दिले, मला देऊच दिले नाहीत. पंक्चरवाल्यानं आकडा मोठ्यानं सांगितला, त्यांनी न मोजता मूठ पुढं केली.

आई दोन दिवस झोपून आहे, गुडघ्याला तेल चालू आहे, आणि फार आनंदात आहे.

तुझा,
नरहर


निमसोड
५ जून २०२६

चि. नरहर,
म्हैस व्याली. रेडी आहे. दाजी आता बरे आहेत.

तुझं पत्र मी डेअरीत वाचून दाखवणार होते, पण आई देवळाच्या पायरीवर बसते तिथपर्यंत आल्यावर वाचता येईना, तेव्हा चेअरमनांनी वाचलं. दोन्ही पक्षांनी मिळून चहा मागवला.

आईच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांग. पाकिटातल्या पैशांचं नवं टायर घाल, आणि फुटलेलं टाकू नकोस. इकडं कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. अण्णांनी लावलेल्या कडुनिंबाखाली ठेवीन, रेडी त्यात बसेल.

बाकी सगळं मला पटलं. एकच पटलं नाही. पंक्चरचे पैसे शास्त्रीबुवांनी का द्यावेत? अर्धं पुण्य मिळालं ना त्यांना? चाक माझं आहे. त्यांना जाऊन सांग, निमसोडची गीता पैसे परत करते आहे, आणि ऐकलं नाही तर रुमाल घेऊन ती स्वतः काशीला येईल. तिचा हात अण्णांवर गेला आहे, म्हणावं. तुझ्यासारखा नाही.

ताई